चाळिशी जवळ आल्यावर लोकांत वागायला शिकतोय. शिकावं का?

खानकाठचा (धागा सुरू करणारे)

वय ३७. इंदूरचाच, लहानपण रामबागेत गेलं, आता बायकोबरोबर सुदामा नगरात राहतो. एका खासगी फर्ममध्ये इमारतींचे नकाशे काढतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याला तपासणीला नेलं तेव्हा बहिणीला सोबत म्हणून मीही गेलो होतो. हाक मारली की बघतो का, कपड्याचं लेबल टोचतं म्हणून रडतो का, एकाच विषयावर तासन्‌तास बोलतो का, असं डॉक्टर तिला विचारत होत्या आणि मनातल्या मनात मी माझीच उत्तरं देत होतो. पुढे माझीही तपासणी झाली. ऑटिझम स्पेक्ट्रम, असं निदान हातात आलं, म्हणजे मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी, म्हणून लोकांशी वागणं-बोलणं अवघड जातं.

आता मूळ गोष्ट. मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. उठावन्याला गेलो. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो, उठावना म्हणजे आमच्याकडची शोकसभा. ठरलेल्या वेळी जायचं, शांत बसायचं, फोटोला फुलं वाहायची, हात जोडून निघायचं. मला उठावना जमतो, कारण त्यात सगळं ठरलेलं असतं. पण बाहेर चपला घालताना तो समोर आला आणि ठरलेलं संपलं. मी विचारलं, "किती वाजता गेले? व्हेंटिलेटर काढायचं कोणी ठरवलं?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो, मला ते आवडायचे. त्याचा चेहरा बदलला एवढं दिसलं, काय बदललं ते कळलं नाही. त्याच्या मेहुण्याने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. चार महिने झाले, तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, अशा वेळी "काही लागलं तर सांग, मी आहे" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मी ते वहीत लिहिलं. त्या वहीत आता ६२ नोंदी आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात 'पीअर्स' नावाचा अभ्यासक्रम तयार झालाय, तरुण प्रौढांसाठी तो १६ आठवड्यांचा असतो. त्याबद्दल वाचून त्यातल्या पायऱ्या आम्ही घरी करून बघतो. चौघं बोलत असतील तर आधी ऐकायचं, विषय ओळखायचा, कोणी थांबलं की त्याच विषयावरचं एखादं वाक्य टाकायचं. आपल्याकडे कोणी वळलं नाही तर शांतपणे निघायचं. याचा उपयोग होतोय. ऑफिसच्या चहाला आता मी घोळक्यात उभा राहू शकतो. मात्र संध्याकाळी घरी आलो की तासभर दिवा न लावता बसावं लागतं. तेव्हा बायकोशीही बोलता येत नाही.

माझं मत, शिकावं. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_मास्तर

शिकावंच. त्यात विचारायचं काय? पण ते नाव कपाळावर चिकटवून घेऊ नका. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, प्रत्येक तुकडीत असा एखादा मुलगा असायचाच. राजवाड्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात एक काका होते. घड्याळं दुरुस्त करायचे, पंगतीला बसायचे नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लोक म्हणायचे, स्वभाव आहे, आणि विषय तिथेच संपायचा. एकदा नाव मिळालं की माणूस "मी असाच" म्हणून प्रयत्न सोडतो, हे मी मुलांमध्ये पाहिलंय. आपलं शहर बोलकं आहे. पोह्यांच्या गाडीवर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूससुद्धा घरची खुशाली विचारतो. माणसं माणसांत राहूनच कळतात. ते अंधारात बसणं तेवढं हळूहळू कमी करा.

अबोली

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी ४३ वर्षांची, निदान चाळिसाव्या वर्षी झालं. वीस वर्षं मी हा 'प्रयत्न' केला. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण डोळ्यांत बघतोय. मनात तीन आकडे मोजून हसायचं. हळदीकुंकवाला जाण्याआधी विषय पाठ करून जायचे: साडी कुठली, मुलं कितवीत, पाऊस कधी. सगळ्या म्हणायच्या, किती मनमिळाऊ आहे! मग एका सकाळी वर्गात शिकवताना शब्द येईनासे झाले. तास संपेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून, हातात खडू धरून उभी राहिले. पुढचे आठ महिने घरी होते.

याला मास्किंग म्हणतात. २०१८ साली ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक प्रौढांचा एक अभ्यास झाला, त्यात असं स्वतःला झाकत राहणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दिसला. म्हणून खानकाठचा, तो अंधारातला तास कमी करू नका. तो तुमच्या दिवसाचा खर्च आहे. कमी करायचाच असेल तर दिवस कमी करा.

आणि दोष एकाच बाजूला का? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली मांडलं की न समजणं दुहेरी असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. मग वही फक्त आम्हीच का लिहायची? व्हेंटिलेटरबद्दल विचारणारा माणूस त्या गेलेल्या वडिलांवर माया करत होता, हे त्या मेहुण्याने का शिकू नये?

निवृत्त_मास्तर

अबोलीताई, तुम्ही सोसलंत ते मी हलकं करत नाही. पण एक सांगा. मी मराठी माणूस, सगळा जन्म इंदुरात गेला. बाजारात हिंदी बोलतो, बँकेत हिंदी बोलतो, शेजाऱ्यांशी मालवी वळणाचं बोलतो. म्हणून माझी मराठी खोटी झाली नाही. जिथे राहायचं तिथल्या बहुसंख्यांची बोली यावी लागते. मेहुण्याने समजून घ्यायला हवं होतं हे मान्य, पण ज्याच्या घरी मयत झालंय त्याच्याकडून त्या दिवशी ही अपेक्षा ठेवणार का?

अबोली

त्या दिवशी नाही ठेवणार. तेवढं तुमचं बरोबर.

पण हिंदीचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. बँकेतून आल्यावर तुम्हाला तासभर डोळे मिटून बसावं लागतं का? शिवाय तुम्ही घरी येऊन मराठी बोलता. ती बोलणारी माणसं आहेत, गणेशोत्सव आहे, मराठी नाटकं बघायला भरलेलं सभागृह आहे. माझी जी बोली आहे ती बोलायला चाळीस वर्षं मला घरच नव्हतं. आईसमोरही मी बाजारातलीच भाषा बोलत होते.

आणि त्या घड्याळवाल्या काकांना कोणी कधी विचारलं का, तुम्हाला पंगतीला बसायचंय का, नसेल तर का नाही? ते निभावले कारण वाडा होता. कोणीतरी जेवायला घालत होतं, कोणीतरी गिऱ्हाईकांशी बोलत होतं. आज ते स्कीम नंबर ७८ मधल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत असते तर 'स्वभाव आहे' म्हणून भागलं असतं का?

वसुधा_राजेंद्रनगर

दोघांचंही वाचलं. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बोलतो पण मोजकं. "शिकू की नको" हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही, म्हणून ही चर्चा वाचताना थोडी दुखावले, ते आधी सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी त्याला गल्लीतल्या एका मुलाने "तू माझा दोस्त ना?" म्हणून तीनदा पैसे मागितले. याने तिन्ही वेळा दिले. दोस्त म्हणाला म्हणजे दोस्त. तेव्हापासून आम्ही 'नाही' म्हणायचा सराव करतोय. मी दारात उभी राहते, त्याचा दोस्त होते, पैसे मागते. पहिल्या दिवशी त्याने मलाच पाकीट काढून दिलं. आता तो म्हणतो, "आईला विचारून सांगतो," आणि दार लावतो. हे मास्किंग नाही हो अबोली. हे त्याचं रक्षण आहे. डोळ्यांत बघायला मी त्याला कधीच लावलं नाही. दूधवाल्याशी तो पिशवीकडे बघून बोलतो, दूध बरोबर येतं.

जाता जाता, ऑटिझम असलेल्यांना मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला पटत नाही. स्वतःत मग्न? माझा मुलगा कचरागाडीत मग्न असतो. सकाळी गाणं ऐकू आलं की कानावर हेडफोन चढवून फाटकाशी उभा राहतो, ओला-सुका वेगळा करून देतो. गाडीवाले दादा त्याला नावाने ओळखतात. गाडी यायला उशीर झाला तर मला आधी त्यांची काळजी ऐकावी लागते.

आणि खानकाठचा, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा विचार असेल तर आधीच तयारीत राहा. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम येतो. पण आपल्याकडे मोजतात ते आयएसएए या ऑटिझमच्या भारतीय मापनावर. त्यात ४० मुद्दे, आणि एकूण गुण ७० च्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत. माझ्या मुलाला अडचण आली नाही. तुमच्यासारख्याने ६२ नोंदी पाठ करून समोर बसायचं म्हणजे गुण आपोआप कमी. तिथे जाताना बायकोला बरोबर न्या आणि त्या अंधारातल्या तासाबद्दल तिला सांगू द्या.

खानकाठचा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं की ही कोणासाठी आहे. १९ नोंदी अशा निघाल्या ज्या फक्त मी विचित्र दिसू नये म्हणून होत्या: नजर, हसणं, पाय न हलवणं, टाळी देणं. त्या खोडल्या. पाय हलवू दिला तर मला समोरच्याचं बोलणं जास्त ऐकू येतं, हे मला माहीत होतं, तरी मी ते थांबवत होतो.

उरलेल्या ४३ ठेवतोय, अबोलीताई. माझं मत तेच आहे. समोरच्यांनी शिकावं हे खरं, पण ते कधी शिकतील त्याची वाट बघत मला बसायचं नाही. मला तो सहकारी परत हवाय. पाच वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्लाय. समोर बोललो तर परत चुकेन म्हणून त्याला लिहून पाठवलं: त्या दिवशी मी काय विचारलं, का विचारलं, ऑटिझममुळे मला काय दिसत नाही, आणि तुझ्या वडिलांनी मला एकदा लेव्हल मशीन कसं लावायचं ते गच्चीवर दाखवलं होतं, ते मला आठवतं. त्याने वाचलंय. उत्तर अजून नाही.

अबोली

हे पत्र तुमच्या बोलीत लिहिलंय. म्हणून मला आवडलं. ४३ बद्दल माझा विरोध कायम. सहा महिन्यांनी त्यातल्या किती उरल्यात ते इथे येऊन सांगा, आणि तासाचा दीड तास झाला असेल तर तेही सांगा.

वसुधाताई, 'नाही' म्हणणं शिकवायलाच हवं. मला ते कोणी शिकवलं नाही.

निवृत्त_मास्तर

माझंही मत बदललेलं नाही. माणसांत राहावं, शिकावं.

पण काकांना कोणी विचारलं का, हे दोन दिवस डोक्यात आहे. कोणी विचारलं नव्हतं. मी तर त्यांच्याच मांडीवर बसून घड्याळाची चावी द्यायला शिकलो, तरी नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, वाड्यासमोरून जायची. ढोल-ताशे लांबून ऐकू यायला लागले की काका माळ्यावर जाऊन बसायचे, दिवस कलेपर्यंत खाली यायचे नाहीत. आम्ही मुलं त्यांना ओढून आणायला निघालो की आई जिन्यात उभी राहून आम्हाला अडवायची. दुपारी ती ताट घेऊन वर जायची. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची, वर झाकण, शेजारी तांब्या, आणि हाक न मारता परत यायची.