पाण्याने पेट घेणारं सोडियम अणुभट्टीत कसं चालतं?

विज्ञानशिक्षिका_बोईसर
काल नववीच्या वर्गात सोडियमचा प्रयोग केला. रॉकेलच्या बाटलीतून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून ओल्या गाळणकागदावर ठेवला, भप्पकन पेटला. बोलता बोलता सांगितलं की तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या अणुभट्टीत उष्णता वाहून न्यायला हेच सोडियम शेकडो टन भरलंय. मागच्या बाकावरची मुलगी उठली, "बाई, मग पाणीच का नाही वापरत?" मला नीट सांगता आलं नाही.

सोडियमवाला_निवृत्त
बाई, कल्पक्कमला सोडियमच्या पाइपांवर मी बावीस वर्षं काढली. मुलीचा प्रश्न अगदी मुळाचा आहे.

पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग मारतो. तारापूरच्या अणुभट्ट्यांना तेच हवं असतं, इथे नको. न्यूट्रॉन वेगात राहिले तरच युरेनियम-२३८ पासून जळतं त्याहून जास्त प्लुटोनियम, म्हणजे नवं इंधन, तयार होऊ शकतं.

सोडियम उकळतं ८८३ अंशांना आणि इंधन असतं त्या गाभ्यातून बाहेर पडतं साधारण ५५० ला. त्यामुळे पाण्याच्या भट्टीतला प्रचंड दाब इथे नसतो. पण ९८ च्या खाली ते गोठतं! भरण्याआधी पाइपांना बाहेरून हीटर गुंडाळून तापवायचे. एखादा कोपरा थंड राहिला की तिथेच बूच बसतं. तुमच्या बाटलीत रॉकेल, तसा आमच्याकडे सोडियमवर आर्गॉन वायू.

खरी धास्ती वाफ करणाऱ्या जनित्राची. तिथे सोडियम आणि पाणी यांच्यात फक्त नळीची भिंत. म्हणून तिथे गाभ्यातलं सोडियम येतच नाही, त्याच्याकडून उष्णता घेणारं वेगळ्या, दुसऱ्या फेऱ्यातलं सोडियम येतं. नळी किंचित गळली तरी सोडियममध्ये हायड्रोजन वाढतो आणि मोजणारी यंत्रं ओरडतात.

शंकेखोर_नाशिक
मग जपानच्या मोंजू या सोडियमच्या भट्टीत काय झालं?

सोडियमवाला_निवृत्त
डिसेंबर १९९५. तापमापकाची खोळ प्रवाहाने थरथरून तुटली, दुसऱ्या फेऱ्यातलं सोडियम गळून पेटलं. किरणोत्सार बाहेर गेला नाही. पण गळतीचं चित्रण दडवलं गेलं, आणि लोकांचा विश्वास गेला तो तिथे. रशियाच्या बीएन-६०० या अशाच भट्टीतही सोडियम गळलं, तरी १९८० पासून ती वीज देतेय. गळती दुरुस्त करता येते; लपवलेली गोष्ट नाही, असं मला मनापासून वाटतं.

विज्ञानशिक्षिका_बोईसर
काका, उद्या रॉकेलच्या बाटलीपासूनच सुरुवात करते.

सोडियमवाला_निवृत्त
आणि तिला हेही सांगा, त्या भट्टीच्या इंधनाच्या गोळ्या तुमच्या शेजारी तारापूरलाच बनल्यात.