विषय: वाहिनीवरची आक्षेपार्ह वक्तव्यं: बंदी मागायची की तक्रार करायची?

प्रेषक: अजित, लंडन

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारच्या त्या मराठी चर्चेची दीड मिनिटाची क्लिप इथल्या सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. पाहुणा एका समाजाबद्दल वाट्टेल ते बोलतो, आणि सूत्रसंचालक त्याला अडवायचं सोडून तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतो. मंडळाच्या लेटरहेडवर माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहून वाहिनीवर बंदीची मागणी करावी, असा माझा प्रस्ताव आहे. हेच दुसऱ्या बाजूचं कुणी बोललं असतं तर एव्हाना माफी मागून झाली असती. हा दुटप्पीपणा किती दिवस चालवून घ्यायचा? मुंबईकरांनी मार्गदर्शन करावं.

अजित

---

प्रेषक: मेधा, दादर

अजितदादा आणि सर्व,

राग रास्त आहे. पण बंदीची मागणी मंडळाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती मागणी होणार कशाखाली? केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६, म्हणजे कार्यक्रम संहिता. त्यातल्या ६(१)(सी) मध्ये धर्म किंवा समाजावर हल्ला, धार्मिक गटांना तुच्छ लेखणारे शब्द वा दृश्यं आणि जातीय तेढ वाढवणारा मजकूर यांना मनाई आहे. वाचायला उत्तम. पण मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या दंगलीच्या वार्तांकनावरून मीडियावन आणि एशियानेट न्यूज या मल्याळम वाहिन्या ४८ तास बंद ठेवण्याचा आदेश निघाला, तोही याच कलमाच्या आधाराने. मीडियावनने दिल्ली पोलिसांवर आणि संघावर टीका केली, हेही त्या आदेशात नमूद होतं. आदेश लगेच मागे घेतला गेला, पण जी काठी आपण सरकारच्या हातात द्यायला निघालोय ती कुणाच्या पाठीत बसू शकते, हे त्यातून दिसलं.

पोलिसांत जाण्याचाही विचार कुणी करत असेल तर थांबावं. नुसतं आक्षेपार्ह असणं हा गुन्हा नाही. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीला पोस्ट लिहिल्याबद्दल आणि दुसरीला ती लाइक केल्याबद्दल. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्दबातल केलं. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि सरकारला फक्त तिसरीवर हात टाकू दिला. शिवाय प्रकरण कोर्टात गेलं की वृत्तवाहिन्यांची एक स्वनियामक संस्था, एनबीडीएसए, तक्रार पुढे नेत नाही. तो रस्ता आपणच बंद करून घेतो.

आता करायचं काय. पहिलं काम म्हणजे अख्खा भाग मिळवणं. फॉरवर्ड होऊन आलेल्या क्लिपवर तक्रार उभी राहत नाही. वाहिनी म्हणते, 'पुढे सूत्रसंचालकाने हे खोडून काढलं आहे', आणि बरेचदा ते खरं निघतं. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवरच्या, फाळणीच्या दंगलींवरच्या 'तमस'ला आपल्या मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. तेव्हा न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका आधी स्वतः पाहिली आणि मगच प्रक्षेपणाला वाट मोकळी करून दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकष धरला: शब्दांचा परिणाम शहाण्या, खंबीर माणसाच्या नजरेने मोजायचा, पदोपदी धोका दिसणाऱ्याच्या नजरेने नाही. आपल्या तक्रारीलाही हीच फूटपट्टी लावा. त्यातून जे उरेल तेवढंच लिहा.

दुसरं, वेळ. तक्रार आधी वाहिनीकडेच जाते, आणि एनबीडीएसएच्या नियमांप्रमाणे पहिल्या प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत. बहुतेक तक्रारी इथेच बाद होतात, कारण सोशल मीडियावर भांडण्यात आठवडा जातो. वेळ भारतीय लिहा, लंडनची नको. रात्री साडेनऊचा कार्यक्रम तुमच्याकडे दुपारी दिसतो आणि चुकीच्या वेळेमुळे 'असा भाग आमच्याकडे प्रसारित झाला नाही' असं उत्तर येतं. वाहिनीला रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं, तेव्हा ते जतन करण्याची मागणी पहिल्याच मेलमध्ये करून टाका.

मजकुरात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ, आणि आक्षेपार्ह वाक्यं जशीच्या तशी, प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद. त्यासमोर संहितेचं कलम. 'आमच्या भावना दुखावल्या' हे वाक्य गाळा, त्याने काहीच सिद्ध होत नाही. पाहुण्यापेक्षा सूत्रसंचालकावर भर द्या. पाहुणा अचानक बरळला तर वाहिनी हात झटकू शकते. पण प्रश्न पुन्हा विचारला, खाली पट्टी चालवली, तोच तुकडा दुसऱ्या दिवशी प्रोमोत वापरला, तर ते संपादकीय निर्णय झाले. शेवटी नेमकं काय हवंय ते: त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात खुलासा, आणि यूट्यूबवरचा तो भाग काढणं.

केबल नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील. त्यांना निर्णयासाठी ६० दिवस. सगळ्या वृत्तवाहिन्या एनबीडीएसएखाली नाहीत, आधी तपासा. एनबीडीएसएचा एक लाखाचा दंड वाहिनीला काय जाचणार, हा प्रश्न २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच विचारला होता. तरीही लेखी निर्णयाला माझ्या मते मोल आहे. अमक्याला एक न्याय आणि तमक्याला दुसरा, हे ओरडून सिद्ध होत नाही. एकाच प्रकारच्या दोन वक्तव्यांवरचे दोन लेखी निर्णय शेजारी ठेवले की कुणाला नाकारता येत नाही.

अजून एक: भाग फक्त यूट्यूबवर असेल तर केबलचे नियम लागू नाहीत. तिथे २०२१ चे आयटी नियम येतात, आणि त्यातल्या नीतिसंहितेच्या ९(१) व ९(३) ला, म्हणजे संहिता पाळण्याच्या आणि तक्रार यंत्रणेच्या तरतुदींना, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. तेव्हा टीव्हीवर प्रक्षेपण झालं का, हे आधी पक्कं करा.

मेधा

---

प्रेषक: शरद, विलेपार्ले

मेधाचं सगळं पटलं. पण आपण खासगी वाहिन्यांवर थांबतो आणि ज्यांचा खर्च करदाता उचलतो त्यांना सोडून देतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. व्यवहार पाहा. १९७६ मध्ये किशोरकुमारांनी सरकारी प्रचारात गायला नकार दिला म्हणून त्यांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली. २०१४ च्या विजयादशमीला नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी मात्र त्रिपुराच्या निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांना, माणिक सरकारांना, भाषण बदला नाहीतर प्रसारण नाही असं कळवलं गेलं. २०२४ च्या निवडणुकीत सीताराम येचुरींच्या प्रचारभाषणातले शब्द वगळायला लावले. सरकारं बदलली, सवय बदलली नाही. आणि खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचीच बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात. देशातल्या प्रसारणातला सगळ्यात मोठा दुटप्पीपणा मी यालाच म्हणेन.

प्रसारभारती कायद्यात तक्रारींसाठी प्रसारण परिषदेची तरतूद आहे, ती कागदावरच राहिली. पण सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत एक हत्यार आहे जे खासगी वाहिनीवर चालत नाही: माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. चूक होते ती प्रश्नात. 'हे शब्द का वगळले?' असं विचारलं तर अर्ज फेटाळला जातो, कारण अधिकाऱ्याला अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो, कारणमीमांसा लिहून द्यायची नसते. म्हणून 'अमुक भाषणाच्या मसुद्याच्या तपासणीची फाइल, टिपणी आणि पत्रव्यवहारासह' अशी प्रत मागा. भोपाळ दुर्घटनेवरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहितीपट दूरदर्शनने नाकारला, तेव्हा १९९२ मध्ये न्यायालयाने नकाराचं समर्थन करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावरच टाकली होती. ती टिपणी हातात आली की तो निकाल कामाला येतो.

शरद

---

प्रेषक: मृणाल, लंडन

शरदकाका, बीबीसीचं उदाहरण याला जोडून. २००८ मध्ये जोनाथन रॉस आणि रसेल ब्रँड यांनी रेडिओवरून एका ज्येष्ठ नटाला अश्लाघ्य निरोप ठेवले. रॉसला बारा आठवड्यांचं निलंबन झालं. काही महिन्यांनी बीबीसीच्याच 'द वन शो'त काम करणाऱ्या कॅरोल थॅचर यांनी कॅमेऱ्यामागे, खासगी गप्पांत, एका टेनिसपटूबद्दल वंशवाचक शब्द वापरला आणि त्यांचं त्या कार्यक्रमातलं काम गेलं. शिक्षा कमी की जास्त यावर इथे अजून वाद होतात. पण रेडिओच्या प्रकरणात ऑफकॉम या इथल्या प्रसारण नियामकाने १,५०,००० पौंडांचा दंड ठोठावताना कारणं प्रसिद्ध केली, दुसऱ्यात निर्णय बीबीसीच्या अंतर्गत पातळीवरच झाला. मेधाताई म्हणतात तो लेखी निर्णय का हवा, ते इथे दिसतं.

एक शंका: इथल्या अनेकांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आहे. त्यांना आरटीआय करता येईल?

मृणाल

---

प्रेषक: मेधा, दादर

मृणाल, नाही. आरटीआय फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे, ओसीआय चालत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी ऑनलाइन अर्ज करावा, किंवा शरदकाकांनी आणि मी इथून करू. वाहिनीकडच्या तक्रारीला नागरिकत्वाची अडचण येत नाही, पण ती एकाच नावाने जाऊ दे. एकाच मजकुराच्या पन्नास मेल आल्या की ती मोहीम समजली जाते आणि मूळ तक्रारीचं वजन जातं.

अजितदादा, सातवा दिवस शनिवारी भरतो. पूर्ण भागाची लिंक आणि तुम्ही उतरवून घेतलेली वाक्यं गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवलीत तर मी कलमं घालून शुक्रवारी सकाळी मसुदा परत करते. गेल्या वर्षभरात दुसऱ्या बाजूच्या अशा वक्तव्यावर याच वाहिनीने माफी किंवा खुलासा दाखवला असेल, तर त्याचीही तारीख काढून ठेवा. ती परिशिष्टात जोडू.

मेधा