टाचेच्या वर दुखतंय, सायकल बंद करू का?

म्हार्दोळची_सायकल

नमस्कार मंडळी. मी म्हार्दोळला राहते, नोकरी पणजीत. वय ४६. चवथ आटोपली आणि पाऊस ओसरला की मी सायकल बाहेर काढते आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस कामावर सायकलनेच जाते. मंगेशी, कुंडई, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर असा रस्ता. साधी हायब्रिड सायकल, साधे पेडल, पायात स्पोर्ट शूज.

यंदा सकाळी जाताना काही जाणवत नाही, पण परतताना भोम सोडून कुंडईचा चढ लागला की डाव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला जळजळायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली पावलं टाकताना तिथे आखडलेलं असतं. न्हाणीपर्यंत लंगडतच जाते, मग चहा होईस्तोवर मोकळं होतं. बाम लावून झाला, क्रेप बँडेज बांधून झालं.

यंदा बदल एकच, जाड जेलची नवी सीट बसवून घेतली. आता थोडं उंच वाटतं. दुकानदार म्हणाला, उंच सीट चांगली, गुडघे वाचतात. घरचे म्हणतात सायकल सोड. मला सोडायची नाही, ती माझी दिवसातली हक्काची वेळ आहे. काय करू?

चोर्ला_चढणारा

ताई, कुंडईच्या चढावर गिअर कुठला असतो? बरेच जण पुढची मोठी चकती सोडतच नाहीत आणि उभं राहून जोर काढतात. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. एका पायाचे फेरे १५ सेकंद मोजून चारने गुणा. ६० च्या खाली येत असेल तर तुम्ही पायाने वजन उचलताय. चढावर ७०-७५ जमलं तरी पोटरीवरचा भार पुष्कळ उतरतो.

डिचोलीची_फिजिओ

मी डिचोलीत फिजिओथेरपी करते. पोटरी दुखते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एका बोटाने जागा दाखवायला सांगते, कारण गुडघ्याखाली दुखणं हा एक आजार नव्हे. पोटरीच्या मांसल भागात दुखलं किंवा रात्री वांब आला तर स्नायू थकलेला असतो, दोन-चार दिवसांत उतरतो. पुढे नडगीला दुखलं तर पेडल वर ओढायची सवय तपासायची. तुमचं वर्णन मात्र टाचेच्या शिरेचं वाटतं, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जो जाड दोर हाताला लागतो तिचं. सकाळचं आखडणं ही तिची खूण.

आत्ता बसल्या जागी एक करा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती शीर धरा आणि हाडापासून वर सरकत जा. कळ नेमकी कुठे लागते? हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर, की अगदी हाडाला चिकटते तिथे? दोन्हीचे व्यायाम वेगळे आहेत, म्हणून विचारते.

आता सीट. जेलची सीट जुनीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर जाड असली तर सीटचा दांडा न हलवताही तुम्ही तेवढ्या वर गेलात. मग पेडल खाली गेलं की पाऊल पुरत नाही, टाच उचलून बोटांनी पेडल गाठावं लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला शीर ताणली जाते. म्हार्दोळ ते पणजी जाऊन-येऊन असे हजारो फेरे होतात. सीट फार खाली गेली की गुडघ्याच्या पुढे दुखतं, हे त्या दुकानदाराचं खरंच आहे, पण उंचीलाही मर्यादा आहे.

घरातल्या कुणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर नीट बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. दांड्यावर चिकटपट्टीने आत्ताची खूण करा आणि पाच-पाच मिलिमीटरनेच खाली उतरवा. पाऊलही पेडलवर जरासं पुढे सरकवा. दाब निव्वळ बोटांवर आला की शिरेला जास्त ओढ बसते.

अजून एक विचारते, कारण हे कुणी सांगत नाही. पावसाळ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक घेतली होती का? या गटाच्या गोळ्यांनी शिरा दुखावतात, क्वचित तुटतातही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा सक्तीचा केला. घेतली असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

म्हार्दोळची_सायकल

ताई, तसल्या गोळ्या नाही घेतल्या. चिमटीत कळ हाडाच्या तीन बोटं वर लागते, शीर उजवीपेक्षा जाड लागते. आणि टाच ठेवून बघितलं तर ती पेडलला पोचतच नाही!

डिचोलीची_फिजिओ

मग सीट आजच उतरवा. बाकीचं काम पायरीवर. पायरीच्या कडेला चवडे टेकवा, दोन्ही पायांनी वर या, भार डाव्यावर घ्या आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडा. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. १५ वेळा, असे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून, मग तेवढेच गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि गुडघा वाकवल्यावर आतल्यावर जास्त भार येतो. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सोसेल इतकं दुखलं तर चालतं, तीव्र कळ आली तर थांबा. हाडालाच दुखत असतं तर टाच खाली सोडू नका म्हटलं असतं.

सायकल बंद करू नका. पूर्ण आराम दिला तर दुखणं थांबतं, पण शीर कमजोरच राहते आणि पहिल्याच चढावर परत धरते. सध्या जुने गोवे ते पणजी एवढंच चालवा, रायबंदरचा कॉजवे सपाट आहे.

सांखळीकर

वाचणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. माझ्या वडिलांची एकच पोटरी सुजून गरम लागत होती. आम्ही ती लचक समजून तेल चोळत बसलो होतो. निघाली रक्ताची गुठळी. एकच पाय सुजला, तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट १०८ ला फोन.

डिचोलीची_फिजिओ

अगदी बरोबर. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून पाय लुळा पडला, तर शीर तुटलेली असू शकते. तेव्हाही वाट बघू नका.

म्हार्दोळची_सायकल

सीट उतरवली, पाय आता पुरतो. कुंडईचा चढ परत कधी चढू?

डिचोलीची_फिजिओ

सकाळचं आखडणं गेलं आणि नुसत्या डाव्या पायावर विसेक वेळा टाच उचलता आली, की चढा. पहिले काही दिवस अर्धा चढ चालत, अर्धा सायकलवर. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आखडली तर आठवडाभर परत सपाटीवर या.