मारणाऱ्या नवऱ्याला सुधारायला मदत करायची का?

हळदीगाव (धागा सुरू करणारा):
चुलतभावाच्या केससाठी परवा कोर्टात जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. भाऊ माझा पण मी वहिनीच्या बाजूने गेलो होतो. नऊ वर्षं मारलं त्याने तिला. घरात सगळ्यांना माहिती आणि सगळ्यांचं एकच पालुपद, तापट आहे पण मनाने चांगलाय. एकदा माझ्यासमोर त्याने तिचे केस धरलेले आणि तेवढ्यात फोन वाजला, कंपनीतल्या साहेबाचा. केस सोडले नाहीत, पण आवाज एकदम मऊ, "हो सर, सकाळी फाईल टेबलावर असेल सर." फोन ठेवला आणि परत सुरू. म्हणजे ताबा सुटतो वगैरे सगळं खोटं, कुणावर हात टाकायचा आणि कुणापुढे सर सर करायचं हे त्याला बरोब्बर कळत होतं. आणि जे कळून करतो ते कळून थांबवताही येतं असं मला वाटतं. आता आठ महिने झाले तो मारणाऱ्या पुरुषांना सुधारायला मदत करणाऱ्या एका गटात जातोय, दर शनिवारी. माझं म्हणणं, असे गट तालुक्या तालुक्याला पाहिजेत आणि कोर्टाने सक्तीने पाठवावं. शिक्षा हवीच, पण नुसती शिक्षा भोगून आला तर उद्या दुसरं लग्न करून दुसरीला मारेल.

नीराकाठ:
अजिबात पटलं नाही. माझ्या बहिणीला तीन वेळा "समुपदेशन" मिळालं. दोघांना एकाच टेबलाशी बसवायचे, तो हात जोडून "चुकलो मॅडम", मॅडम खूश, बहिणीला सांगणार तूही जरा ॲडजस्ट कर. आणि तिथे ती जे बोलली त्याचा हिशोब रात्री घरी. तिसऱ्या वेळी दात पडला तिचा. हे असले वर्ग म्हणजे त्यांना माफीची भाषा शिकवायची, बाकी काही नाही. आधी राहायला जागा द्या बायकांना, संरक्षण अधिकाऱ्याला (मार खाणाऱ्या बाईच्या मदतीला सरकारने नेमलेला माणूस) हाताखाली माणसं द्या, मग उरले पैसे तर बघा यांच्या मनाचं. आणि हळदीगाव, केस धरले होते तेव्हा तुम्ही काय केलंत?

हळदीगाव:
हात सोडवला आणि वहिनीला म्हणालो तुम्ही आत जा. त्याला एक शब्द बोललो नाही. त्याची लाज आजही वाटते.

वकीलताई:
नीराकाठ, तुमच्या बहिणीचं झालं ते कायद्यातच बसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १४ वाचा, मॅजिस्ट्रेट एकट्या नवऱ्यालासुद्धा समुपदेशनाला पाठवू शकतात, दोघांना एकत्र बसवायलाच पाहिजे असं कुठेही नाही. आणि २००६ च्या नियमांत नियम १४ मध्ये स्पष्ट आहे की समुपदेशनात त्याला मारहाणीचं समर्थन करता येणार नाही, "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य तिथे चालतच नाही. पुन्हा करणार नाही अशी हमीही घ्यायची असते. प्रत्यक्षात मात्र सगळे तडजोडीच्या मागे, फाईल बंद झाली पाहिजे एवढंच. म्हणून मी आशिलाला सांगते आधी कलम १८ खाली संरक्षण आदेश, म्हणजे त्याने मारहाण करायची नाही असा कोर्टाचा हुकूम, घ्या, तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो आदेश हातात असेल तर मग त्याला खुशाल पाठवा गटात.

रात्रपाळी:
तुम्ही सगळे मूळ सोडून बोलताय. दारू. आमच्या चाळीत जेवढे मारणारे तेवढे पिणारे. दारू सोडवा, निम्म्या केस संपतील.

सायलीची_आई:
रात्रपाळी दादा, माझे वडील व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, अकरा वर्षं थेंब नाही घेतला, त्यांचं कौतुकच आहे. मारणं कमी झालं हेही खरं. पण आई बाजारातून आली की पिशवी ओट्यावर उलटी करून एकेक भाजीचा भाव विचारायचे, आणि ती चार रुपयांना चुकली की आम्ही पोरं आपोआप आतल्या खोलीत. दारू गेली, पण ही माझी बायको आहे हिला मी जाब विचारणार हे कुठे गेलं? त्याचं औषध कुठल्या वॉर्डात मिळतं?

हळदीगाव:
हेच, अगदी हेच म्हणायचंय मला. हे एकट्यादुकट्याच्या रागाचं नाहीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४४ टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी बायकोला मारणं बरोबर म्हटलंय, आणि बायकांनी ४५ टक्के. हे बदलायला पुरुषांशी पुरुषांनीच बोलायला लागेल. मुंबईत १९९१ मध्ये एका पत्रकाराने पेपरमधून आवाहन केलं की बायकांवरची मारहाण थांबवावी असं वाटणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं, तर २०५ जणांनी उत्तर दिलं, त्यातूनच १९९३ ला 'मावा' संस्था उभी राहिली. म्हणजे माणसं आहेत, त्यांना कामाला लावायला पाहिजे.

नीराकाठ:
ते २०५ जण मारणारे नव्हते हो, मारू नये म्हणणारे होते. दोन्हींत फरक आहे. अमेरिकेत डुलुथ शहराने १९८१ पासून असे वर्ग चालवले, पण तिथे पोलीस, कोर्ट सगळे एकत्र, गैरहजर राहिला की कोर्टाला कळतं आणि बायकोशी वर्गवाल्यांचा वेगळा संपर्क असतो. एवढं करूनही तिकडच्या अभ्यासांत नुसत्या वर्गाने मार थांबतोच असं दिसलेलं नाही. आपल्याकडे तर "आठ महिने जातोय" हे तोच सांगणार आणि तुम्ही मान हलवणार. तुमच्या वहिनीला विचारलंत का कधी?

हळदीगाव:
विचारलं. तुमचं वाचून काल रात्रीच फोन केला. म्हणाली, "भाऊजी, तो बदलला तर त्याचं भलं होईल, मला त्याचा रिपोर्ट नका देऊ. मी परत जाणार नाही. पोटगी तेवढी पाच तारखेच्या आत येऊ दे, पोरीची फी असते."

नीराकाठ:
मग येते का?

हळदीगाव:
दोन महिने आली. या महिन्याची नाही आली अजून, आज बारा तारीख. शनिवारी तो गटात जायच्या आधी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.