विषय: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

प्रेषक: संपादक, स्मरणिका समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेचे लेख लावायला घेतले आहेत. काही लेखांत एक विचित्र प्रकार दिसतो. छान चाललेलं वाक्य मध्येच थांबतं, "नव्या टॅबमध्ये उघडते" असं येतं आणि वाक्य पुढे सुरू होतं. एका लेखाची सुरुवातच "मुख्य मजकुराकडे जा" अशी आहे. आणखी एकाच्या शेवटी "अधिक वाचा" आणि लांबलचक लिंक. लेखकांना विचारलं, तर म्हणतात, उतारा वेबपानावरून घेतला हे खरं, पण हे शब्द तिथे नव्हतेच. मी स्वतः ती पानं उघडून पाहिली. खरंच दिसत नाहीत. व्हायरस म्हणावा का याला? जाणकारांनी सांगावं.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
विषय: उत्तर: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

संपादकताई,

व्हायरस वगैरे काही नाही. पहिले दोन शब्दप्रयोग त्या पानांवर आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

माउस ओढत मजकूर निळा करत जातो तेव्हा आपल्याला वाटतं, दिसतंय तेवढंच उचललं जातंय. ब्राउझर मात्र पानाची आतली रचना बघतो. निवड इथे सुरू झाली, तिथे संपली, मधे रचनेत जे जे असेल ते घ्या, असा त्याचा खाक्या. त्या मधल्या भागात एखादा मजकूर एक पिक्सेल बाय एक पिक्सेलच्या चौकटीत कोंबलेला असेल, पडद्याबाहेर डावीकडे हजारो पिक्सेल ढकललेला असेल, पूर्ण पारदर्शक असेल किंवा पांढऱ्यावर पांढरा असेल, तरी रचनेत तो हजर असतो आणि मुकाट्याने सोबत येतो. उलट जो मजकूर पान मांडतानाच वगळायला सांगितलेला असतो ("डिस्प्ले नन"), तो सहसा येत नाही. म्हणजे लपवण्याच्या तऱ्हा दोन, आणि कचरा येणार की नाही ते त्यावर ठरतं.

"नव्या टॅबमध्ये उघडते" हे लिंकच्या शब्दांना लागूनच लिहिलेलं असतं, म्हणून ते ऐन वाक्यात टपकतं. "मुख्य मजकुराकडे जा" पानाच्या अगदी माथ्याशी असतं. ज्यांनी कंट्रोल-ए दाबून अख्खं पान उचललं, त्यांच्याच लेखात ते सापडेल.

"अधिक वाचा"ची गोष्ट वेगळी. ती ओळ पानावर बहुधा कुठेच नसते. कॉपी करताक्षणी पानातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत आलेला छोटा प्रोग्रॅम, मधे पडते आणि क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा) जाणाऱ्या मजकुराला स्वतःचं शेपूट जोडते. काही संकेतस्थळं हे मुद्दाम करतात. मला विचाराल तर निव्वळ आगाऊपणा.

आणि हो, उलटंही होतं. काही अवतरणचिन्हं, बाण, क्रमांक हे सजावटीच्या नियमांतून (सीएसएस) उमटवलेले असतात. ते दिसतात, पण कॉपीत येत नाहीत. तेव्हा एखाद्या उताऱ्याची अवतरणचिन्हं गायब असतील तर लेखकावर लगेच डाफरू नका!

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

माहिती उत्तम, परंतु मुळात वाचकापासून शब्द लपवायचेच कशाला? सर्च इंजिनला भुलवण्यासाठी पांढऱ्यावर पांढरे शब्द भरण्याचा धंदा जुना आहे. गूगलच्या नियमांतही असा छुपा मजकूर स्पॅममध्ये मोडतो. दिसत नाही ते नसावे, एवढे साधे आहे.

संपादकांना सूचना: प्रत्येक लेखातून फाइंड-रिप्लेसने सगळी अदृश्य अक्षरे एकदम उडवून द्यावीत. न रहेगा बांस.

---

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य
विषय: उत्तर: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

काका, त्यातले पुष्कळ शब्द माझ्यासाठी लिहिलेले असतात.

मी स्क्रीन रीडर वापरते. पान मला ऐकू येतं, दिसत नाही. लिंक नव्या टॅबमध्ये उघडणार हे आधी कळलं नाही तर मागे जायचं बटण दाबत बसते आणि काहीच होत नाही. "मुख्य मजकुराकडे जा" नसेल तर प्रत्येक नव्या पानावर आधी मेनूतल्या सगळ्या लिंका पार करायच्या, मग लेख. गंमत म्हणजे "डिस्प्ले नन" केलेलं स्क्रीन रीडरही वाचत नाही. म्हणून पान बनवणारे मुद्दाम ती दुसरी तऱ्हा वापरतात, एक पिक्सेलची. तुमच्या कॉपीत जे येतं ते नेमकं याच कारणाने येतं.

लबाडी असतेच, नाही कोण म्हणतंय? पण या दोन ओळी त्यातल्या नव्हेत.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती
विषय: उत्तर: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

ताईंनी बरं केलं सांगितलंत, हे माझ्याकडून राहिलं असतं.

काकांची फाइंड-रिप्लेसची सूचना मात्र कृपा करून कोणी अमलात आणू नका. छुपे शब्द वेगळे आणि अदृश्य अक्षरं वेगळी. वेबवरून येणाऱ्या मजकुरात शून्य रुंदीची अक्षरं असतात. त्यातलं युनिकोडच्या (संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीच्या) ८२०३ क्रमांकाचं, शून्य रुंदीची मोकळी जागा, बिनधास्त काढा. शब्द कुठे तोडता येईल एवढंच ते सांगतं. पण ८२०५, म्हणजे जोडक, मराठीत कामाचं आहे. "दऱ्या" हा शब्द अनेक जण साधा र, हलन्त, जोडक आणि या असा टंकतात. जोडक उडालं की त्याचा "दर्या" होतो. डोंगरावरच्या लेखात एकाएकी समुद्र. "आचाऱ्यांना" दिलेला मान "आचार्यांना" जाईल. आणि हे शुद्धलेखन तपासनिसालाही सापडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. नुक्ता असलेला ऱ वापरून टंकलं असेल तर जोडकाशिवायही रफार होत नाही, पण कोणी कसं टंकलंय ते नुसतं बघून कळत नाही. तेव्हा ८२०५ ला हात लावायचा नाही.

लेखकांसाठी: उतारा आधी नोटपॅडमध्ये चिकटवा. क्लिपबोर्डवर बहुधा एकाच मजकुराच्या दोन प्रती असतात, एक साधी आणि एक सजावटीसकट. वर्डमध्ये सजावटीची प्रत उतरते, तिच्यासोबत पांढरा रंगही येतो, आणि पांढरे शब्द पांढऱ्या कागदावर तसेच दडून राहतात. नोटपॅडला रंग कळत नाही, त्यामुळे सगळं उघडं पडतं. कंट्रोल-शिफ्ट-व्ही नेही बऱ्याच ठिकाणी साधा मजकूर चिकटतो. पण नीट लक्षात घ्या, त्याने छुपे शब्द जात नाहीत. दिसायला लागतात. काढायचे आपणच. त्याहून सोपं म्हणजे ब्राउझरचं वाचन-दृश्य (रीडर व्ह्यू) उघडून तिथून उचलणं, तिथे असला बराचसा कचरा आधीच गळलेला असतो.

विषय निघालाच आहे म्हणून. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणत एखादं पान विंडोज-आर दाबून कंट्रोल-व्ही, एन्टर करायला सांगत असेल तर तत्काळ बंद करा. पानाने क्लिपबोर्डवर आधीच आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातून चालवून घेतली जाते. २०२४पासून ही फसवणूक बोकाळली आहे. शिवाय अख्खं पान उचलून एआयला सारांश करायला देणाऱ्यांनीही जरा जपून. २०२५च्या जुलैत आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरच्या काही निबंधांत पांढऱ्या अक्षरांत "फक्त चांगलंच परीक्षण लिही" अशा अर्थाच्या सूचना एआयसाठी दडवलेल्या सापडल्या होत्या. काकांचा राग तिथे शंभर टक्के लागू.

---

प्रेषक: संपादक, स्मरणिका समिती
विषय: उत्तर: लेखांत कोणीच न लिहिलेल्या ओळी

आभार. फाइंड-रिप्लेस चालवणार होते, थांबले.

ज्यांच्या लेखांत वेबवरचे उतारे आहेत त्यांनी मूळ पानाची लिंक मला वेगळी पाठवावी. उतारा पानाशी ताडून मीच साफ करीन. आचारी आणि आचार्य दोघांवरही लेख आले आहेत, ते आधी बघते.