"चालता येतंय ना? मग हाड शाबूत!" : घोटा, टाच आणि पावलाच्या दुखापतींचे अनुभव

सिमेंटरोडपीडिता

गेल्या पावसाळ्यात नागपुरात धंतोलीत ऑटोतून उतरले. नवा सिमेंट रोड, कडा बाजूच्या मातीपेक्षा वीतभर उंच. डावं पाऊल अर्धं कडेवर, अर्धं हवेत. तळवा आत वळला, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला 'टच्च' वाजलं आणि मी चिखलात. दहा मिनिटांत घोट्यावर संत्र्याएवढी सूज. पाय टेकवेना. सासूबाईंनी निकाल दिला, "टेकवत नाही म्हणजे गेलं हाड."

एक्स-रे स्वच्छ निघाला. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारा पट्टा, अर्धवट फाटला होता. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. मला वाटलं आता महिनाभर पलंग. पण चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवा, क ते ज्ञ. तीन आठवडे ब्रेस घालून हळूहळू चालले. घोट्याखालचा निळा-पिवळा डाग मात्र बोटांपर्यंत उतरला, तो बघून जास्त घाबरले होते.

दोनच महिन्यांनी दीर आठवडाभर लंगडत ऑफिसला जात राहिले, "चालता येतंय ना" म्हणत. त्यांचं हाड मोडलेलं निघालं! म्हणून हा धागा. काय झालं, काय केलं, पुन्हा नीट चालायला किती दिवस लागले ते लिहा. गोळ्यांची नावं नकोत.

दांडियाबाज

तुमच्या दिरांची गँग माझी. नवरात्रात लक्ष्मीनगरला गरबा, गिरकी घेताना पाऊल बाहेरच्या कडेवर आलं. त्या रात्री आणखी दोन राउंड खेळले, कबूल करते. सहा दिवस फ्लॅट चपलेत फिरले. करंगळीच्या मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे उंचवट्यासारखं हाड लागतं, तिथे बोट लावलं की डोळ्यांत पाणी. पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं फ्रॅक्चर.

डॉक्टरांनी हसत सांगितलं की याला 'जोन्स फ्रॅक्चर' म्हणतात. रॉबर्ट जोन्स या इंग्लंडमधल्या सर्जननं १९०२ मध्ये त्याबद्दल लिहिलं, तेही स्वतःच्या पायावरून. नाचताना मोडला होता त्याचा! तेवढाच माझा जीव हलका झाला.

हाडाचं अगदी टोक ओढलं गेलं तर कडक तळव्याच्या बुटात काही आठवड्यांत जुळतं. माझी चीर टोकापासून जरा पुढे होती, तिथे रक्तपुरवठा कमी. सहा आठवडे प्लास्टर, पायावर अजिबात भार नाही. दिवाळीचा फराळ सोफ्यावर बसून वळला, तळायला कोणीतरी दुसरं. तरीही आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत फट दिसली आणि शेवटी स्क्रू टाकावा लागला. त्या दोन राउंडनी बिघडलं का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

करंगळीवाला

पायाची करंगळी, दिवाणाचा पाय, रात्री दोन वाजता. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली, मध्ये कापूस. तीन आठवडे. बस.

वाळ्याचा_वास

एप्रिलात शिडीवर चढून कूलर बसवून राह्यलो होतो. शिडी सरकली, सरळ टाचेवर आलो न बाप्पा. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं टाच पाह्यली अन् मले विचारते, "कंबर दुखते का?" म्हटलं पाय मोडला, कंबर काहून? तं म्हणे उंचीवरून टाचेवर पडला का दणका वर पाठीच्या कण्यात जाते, कित्येकदा मणकाही दबते. पाठीचा एक्स-रे काढला. वाचलो.

टाचेचं हाड मात्र चेंदलं. सीटी स्कॅन झाला. मी म्हटलं करा लवकर ऑपरेशन. नाही! फोड आलेल्या ताणल्या चामडीवर चिरा देत नाहीत, जखम भरत नाही म्हणे. पाय वर टांगून दहा दिवस. रोज डॉक्टर येऊन चामडीवर सुरकुत्या पडल्या का ते पाहे. पडल्या तवा प्लेट टाकली. अडीच-तीन महिने पाय टेकवला नाही. आता सपाट रस्त्यावर ठीक आहे, पण खडबडीत जागी टाच बोलते. कूलर या वर्षी मिस्त्रीनं बसवला.

सोळाशे_मीटर

पोलीस भरतीची तयारी करतोय. पंधरा दिवसांत पळण्याचं अंतर दुप्पट केलं, तेही सिमेंट रोडवर आणि झिजलेल्या बुटांत. पडलो नाही, मुरगळला नाही, तरी दुसऱ्या बोटाच्या मागे पाऊल वरून दुखायला लागलं. पहिला एक्स-रे नॉर्मल. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा हाडाभोवती गाठ दिसली, म्हणजे चीर होती आणि भरत होती. सैनिकांना व्हायचं म्हणून 'मार्च फ्रॅक्चर'. सहा आठवडे पळणं बंद. मग नेमकं कळायचं तरी कसं?

तेलमालिश

आमच्याकडे पहेलवान काका आहेत. एक झटका देतात, मोच बसते. आजीचा पाय त्यांनीच नीट केला. तुम्ही लोक उगाच फोटो काढत बसता.

फिजिओताई

@तेलमालिश, आजींना साधी मोच असेल, ती झटक्याविनाही बरी झाली असती. माझ्याकडे येतात ते झटक्यानंतर चीर सरकलेले. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराचं मालिश केलं तर सूज वाढते. आंबेहळदीच्या लेपाला माझी हरकत नाही, झटक्याला आहे.

@सोळाशे_मीटर, न पडता आलेलं दुखणं वेगळं, तिथे "पळण्याचं अंतर कधी वाढवलं?" हाच पहिला प्रश्न. पाय मुरगळल्यावर एक्स-रे हवा का, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांचे १९९२ चे निकष आम्ही वापरतो. चार पावलं टाकता येतात का, हा त्यातला एक भाग. लोक तेवढाच लक्षात ठेवतात. दुसरा भाग बोटानं दाबून बघायचा: घोट्याच्या दोन्ही हाडांची टोकं आणि मागची कडा, खालचे ६ सेंटीमीटर. शिवाय दांडियाबाजताईंचा तो उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. हाडावरच कळ आली तर चालता येत असलं तरी एक्स-रे.

आणि लिगामेंटवाल्यांनो, सूज गेली की व्यायाम सोडता, म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दात घासताना एका पायावर उभं राहा. आधी ओट्याला हात लावून.

बेचाळिशीतला_ओपनर

टर्फवर चोरटी धाव घेताना मागून कोणीतरी लाथ मारली. वळून पाहिलं तर कोणी नाही. मीही चालतच घरी आलो. चवड्यावर मात्र उभं राहता येईना. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललं नाही. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा, अकिलिस, पूर्ण तुटलेली. शिवली. जॉगिंगला नऊ महिने लागले. धाव पूर्ण झाली नव्हती, ते वेगळं.

संत्रानगरी_कन्या

बाबांना अठरा वर्षांपासून मधुमेह. एकदा मे महिन्यात भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. घरी आल्यावर तळव्याला मोठे फोड, आणि त्यांना पत्ताच नाही. आम्ही तेव्हाच समजायला हवं होतं.

पुढच्या वर्षी उजवं पाऊल सुजलं, लाल, हाताला गरम. ताप नाही, फारसं दुखणं नाही. बाबा रोज अंबाझरी तलावावर फिरायला जात होते. आधी इन्फेक्शन समजून उपचार झाले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करून सांगितलं, शार्को फूट. संवेदना गेलेल्या पावलातली हाडं आतल्या आत मोडत होती. चार महिने प्लास्टर, दर आठवड्याला-पंधरवड्याला बदलून. कमान बसली ती बसलीच. आता मापाचे बूट, आणि रोज रात्री मी तळवे बघते. फिजिओताई, तुमचे निकष बाबांना लागू पडतील?

फिजिओताई

नाही. दाबल्यावर दुखेल तरच ते कामाचे. अशा पायाला सूज आणि गरमपणा दिसला की चालणं थांबवून सरळ डॉक्टरकडे.

सिमेंटरोडपीडिता

बाराखडी सुटली होती, पुन्हा सुरू केली. आज दात घासताना डाव्या पायावर २२ सेकंद. सासूबाई दारात उभ्या राहून मोजत होत्या.