जॉब कार्डावर जुनी रिव्हिजन, संगणकावर नवी. काम कशावर करायचं?

लोहगावकर: विमानाचं मुख्य चाक बदलायचं कार्ड हातात आलंय. त्यावर एएमएमची (विमानाच्या देखभालीच्या मॅन्युअलची) आधीची रिव्हिजन, म्हणजे जुनी आवृत्ती, छापलीय, टास्क नंबर तोच. टूलबॉक्सच्या झाकणात टॉर्कच्या (नट-बोल्ट किती जोराने आवळायचे त्या) आकड्यांची झेरॉक्सही चिकटवलेली आहे. एवढ्यावर उरकलं तर चालेल का?

टॉर्करेंच: नाही. सीएआर-१४५ (विमान देखभाल संस्थांसाठीचे डीजीसीएचे नियम) मधल्या १४५.ए.४५ प्रमाणे चालू आणि लागू असलेलाच डेटा वापरायचा. कार्ड प्लॅनिंगला परत करा. पेनाने रिव्हिजन नंबर खोडून नवा लिहू नका, आतला मजकूर जुनाच राहतो. नव्या पानाच्या समासात उभी रेघ असेल तिथे बदल झालाय, पण तेवढ्यावर विसंबू नका. टेम्पररी रिव्हिजन, म्हणजे मधल्या काळातला तात्पुरता बदल, वेगळ्या यादीत असू शकते. मग इफेक्टिव्हिटी बघा, म्हणजे ती पायरी कोणत्या विमानाला लागू आहे ते. एकाच टास्कमध्ये सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाने सुचवलेला बदल) झालेल्या आणि न झालेल्या विमानांच्या पायऱ्या वेगळ्या असतात.

चाकाचंच घ्या. बऱ्याच विमानांवर चाक फिरवत अ‍ॅक्सल नट आधी जास्त टॉर्कला आवळतात म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग सैल करून कमी टॉर्कला पुन्हा आवळतात. झेरॉक्सवर एकच आकडा असला तर तो कुठला? जास्तीचा धरलात तर बेअरिंग तापणार.

बारामती_पिस्टन: ती झेरॉक्स आधी फाडा. लायकमिंग इंजिनाच्या स्पार्क प्लगला ४२० इंच-पौंड, कॉन्टिनेन्टलला ३०० ते ३६०. चिठ्ठीवर इंजिनाचं नाव कोण लिहितो? (हे आकडेही इथून उतरवू नका, मॅन्युअल उघडा.)

रिव्हेट: सुट्या भागांचंही तेच. १९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच हवेत उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर. काच बदलताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ कमी व्यासाचे. आयपीसी (सुट्या भागांचा सचित्र कॅटलॉग) न बघता जुन्या बोल्टाशी जुळवून घेतले होते, आणि जुनेही चुकीच्याच लांबीचे निघाले.

लोहगावकर: कार्ड परत दिलं. बुलेटिन झालंय की नाही ते कुठे बघू?

टॉर्करेंच: त्या विमानाच्या मॉडिफिकेशन रेकॉर्डमध्ये. सीआरएसवर (काम झालं, विमान वापरात द्यायला हरकत नाही या दाखल्यावर) सही करताना टास्क नंबरासोबत रिव्हिजनही लिहा. आणि नव्या मॅन्युअलची पायरीच संदिग्ध वाटली तर अंदाजाने पुढे जाऊ नका. नोंद करून टेक्निकल सर्व्हिसेसमार्फत उत्पादकाला कळवा, उत्तर येईपर्यंत कार्ड उघडं ठेवा.